३०० किलो जातात कुठे?

काट्यावर येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न घेऊन येतो. किती भरलं? ड्रायव्हर केबिनमधून वाकून विचारतो, व्यापाऱ्याचा माणूस फोनवरून विचारतो, ट्रान्सपोर्टवाला पावतीचा फोटो मागवून विचारतो. कळंबोलीत लोखंड बाजाराच्या आसपास ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना हा प्रश्न झोपेतही ऐकू येत असेल. आमचा वजनकाटा वडिलांनी सुरू केला, आता मी बघते. गाडी नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, सही. पावतीवर एवढंच असतं आणि बहुतेकांचं त्यावर भागतं.

माझं भागत नाही. एकूण आकडा अगदी बरोबर असतो, गाडी मात्र चुकीची भरलेली असते, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. कॉइलचंच घ्या. २० टनांची पोलादी कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, ट्रेलरवर चढते. ट्रेलरचा किंगपिन (ज्या खुंटीने ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर बसतो ती) आणि मागच्या चाकांच्या समूहाचा मध्य यांत समजा ८ मीटर अंतर आहे. क्रेनवाल्याने कॉइल ठरल्या जागेपेक्षा १ मीटर पुढे टेकवली, तर मागच्या चाकांवरचे अडीच टन उतरून किंगपिनवर येतात, म्हणजे ओढणाऱ्या घोड्यावर. (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्याकडे सगळे घोडाच म्हणतात.) पावतीवर एका किलोचाही फरक दिसणार नाही. पण घोड्याच्या टायरना, पाट्यांच्या स्प्रिंगना, ब्रेकना तो अडीच टनांचा फरक पळस्पे फाट्यापासून घाट ओलांडेपर्यंत सोसावा लागतो.

सरकारी नियमही खरं तर ॲक्सल, म्हणजे चाकांचा आख, धरूनच बोलतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या मर्यादा वाढवल्या तेव्हा चार टायरच्या एकट्या ॲक्सलला साडेअकरा टन आणि जोडीच्या ॲक्सलना मिळून २१ टन अशी मर्यादा आली. सगळ्यांच्या तोंडी मात्र गाडीचं एकूण वजन तेवढं राहिलं, कारण दंड त्यावर बसतो. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांचंही तेच. १ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन जहाजावर चढवण्याआधी द्यावं लागतं. या नियमामागे समुद्रातले अपघात आहेत. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नेपोली हे जहाज इंग्लिश खाडीत तडकलं आणि मग किनाऱ्याला लावावं लागलं. डेकवरचे जे कंटेनर कोरडे राहिले होते ते मोजले, तेव्हा त्यांतल्या सुमारे २० टक्के कंटेनरांचं खरं वजन आणि जाहीर केलेलं वजन यांत ३ टनांहून जास्त फरक निघाला. नियम आला हे फार चांगलं झालं. तरी ती चिठ्ठीही एकूणच सांगते. जड मशीन कंटेनरच्या दारापाशी आहे की आतल्या टोकाला, ते तिच्यावरून कळत नाही.

माझा भाचा डेन्व्हरला असतो. नेरूळला वाढला, सुट्टीत आमच्या काट्यावर येऊन बसायचा, पावत्या फाडायचा. गेल्या वर्षी त्याने तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. आपल्याकडे कॅरॅव्हॅन म्हटलं की डोळ्यांपुढे बहुधा स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी येते. राज्य सरकारचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हा ज्या गाड्या दिसल्या त्याही बहुतेक तशाच. ट्रॅव्हल ट्रेलरला इंजिन नसतं. झोपायची जागा, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी असं सगळं घर दोन ॲक्सलवर बसवलेलं, आणि ते आपल्या पिकअपच्या मागे एका पोलादी गोळ्याला, म्हणजे बॉलला अडकवून ओढायचं.

त्याने व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. पिकअपचं बूड खाली बसलेलं, नाक वर आलेलं.

"मावशी, वजन सगळं लिमिटमध्ये आहे. कागद बघितलेत मी. मग ही अशी का बसलीय?"

विकणाऱ्याने त्याला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे स्प्रिंगच्या दांड्यांनी भार वाटून देणारी जोडणी, घ्यायला सांगितलं होतं. त्याला विचारायचं होतं ते हे, की तो हिच लावला की वजन कमी होतं का.

"एक किलोसुद्धा नाही," मी म्हटलं. "पण लाव."

त्याला हे उत्तर पटेना. मग कित्येक रविवार आम्ही दोघं या एकाच विषयावर बोलत राहिलो. त्या बोलण्यातलं जे मला महत्त्वाचं वाटतं ते इथे लिहिते आहे. आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं-मुली तिकडे अशी घरं ओढत फिरतात, आणि इकडेही एसयूव्हीच्या मागे काहीतरी ओढायची हौस हळूहळू येते आहे.

त्या दिवशी काट्यावर आष्टीकडचे एक वयस्क ड्रायव्हर चहाला थांबले होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी त्यांनी कारखान्याला उसाच्या बैलगाड्या हाकल्यात. फोनमधला व्हिडिओ त्यांनी बघितला आणि म्हणाले, "पुढं दाबलीय लई, पण दाबलीय चुकीच्या जाग्याला." मग त्यांनी भाच्याला बैलगाडी सांगितली. दोन चाकांची गाडी, मधे आख. ऊस मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं आणि चढावर बैलांचे पाय टिकत नाहीत. पुढे जास्त भरला तर मानेवर ओझं येतं आणि उतारावर जनावर वाकून जातं. भरणारा चांगला असेल तर जू मानेवर बसतं, पण मान दबत नाही. उसाची मोळी दोन हात मागे-पुढे सरकवून हे साधतात. काटा लागत नाही, हाताने जू उचलून अंदाज घेतात.

ट्रेलरच्या बॉलवर पडणारं ओझं म्हणजे तेच मानेवरचं ओझं. तिकडे त्याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के बॉलवर असावं असा तिकडचा सर्वमान्य ठोकताळा आहे. भाच्याचा ट्रेलर भरून साधारण २,५०० किलो, बॉलवर ३०० किलो. म्हणजे १२ टक्के. भरणी उत्तम होती. बिघाड त्या ३०० किलोंच्या जागेत होता.

कारण बॉल पिकअपच्या मागच्या चाकांच्या वर नसतो, तो त्यांच्याही मागे, बंपरखाली असतो. भाच्याकडून मापं मागवली. पुढच्या आणि मागच्या चाकांत ३.६ मीटर. मागच्या चाकापासून बॉलपर्यंत १.२ मीटर. आता मागचं चाक हा टेकू धरा. टेकूच्या मागे १.२ मीटरवर ३०० किलो खाली दाबताहेत, तर टेकूच्या पुढे ३.६ मीटरवरचं टोक वर उचललं जाणार. किती? ३०० गुणिले १.२ भागिले ३.६, म्हणजे १०० किलो. पुढच्या चाकांवरून १०० किलो उठले. ते हवेत जात नाहीत, मागच्या चाकांवर येऊन बसतात. म्हणजे बॉलवर ठेवले ३०० आणि मागच्या ॲक्सलने उचलले ४००.

भाचा गप्प झाला. इंजिनिअर आहे तो, तरफ शाळेत शिकलाय. पण ३०० ठेवले की ४०० उचलावे लागतात हे स्वतःच्या गाडीबद्दल कुणी सांगितल्यावर वेगळंच ऐकू येतं.

पुढच्या चाकांवरचे १०० किलो गेले तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बरंच बिघडतं. गाडी वळते पुढच्या चाकांनी. ब्रेक दाबल्यावर बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. ते टायर रस्त्याला जितके दाबलेले, तितकी पकड. नाक वर आलं की स्टीअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर गाडी वळायला उशीर करते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. भाचा ज्या रस्त्याने डोंगरात जातो तो आयसेनहॉवर बोगद्याशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर चढतो आणि मग दोन्हीकडे लांबच लांब उतरतो. त्या उतारावर मागे अडीच टन आणि पुढची चाकं हलकी, ही कल्पनाच मला सहन होईना. हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

मग त्याने विचारलं, की तुझ्या काट्यावर येतात त्या ट्रेलरना हे स्प्रिंगचे दांडे का नसतात? हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर आमच्या दारात उभं असतं. घोड्यावर ट्रेलर जिथे बसतो ती तबकडी, फिफ्थ व्हील, मागच्या चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. ओझं टेकूच्या मागे नाहीच, त्यामुळे नाक उचलायला तरफच मिळत नाही. उलट तबकडी जरा पुढे असली तर थोडा भार पुढच्या ॲक्सलवरही जातो. म्हणून १० टन किंगपिनवर आले तरी घोडा नाक वर करत नाही, आणि ३०० किलोंनी पिकअप मान वर करते. तिकडे याच पद्धतीचे मोठे कॅम्पिंग ट्रेलरही मिळतात. त्यांची तबकडी पिकअपच्या हौद्यात मागच्या ॲक्सलवर बसवतात. पण मग हौदा जातो, आणि भाच्याला हौदा हवा होता.

ज्यांना बॉलच वापरायचाय त्यांच्यासाठी तो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. रचना साधी आहे. बॉलखाली एक जड पोलादी डोकं असतं. त्यातून दोन लांब स्प्रिंग-दांडे मागे ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याखाली जातात. त्यांची मागची टोकं साखळीने किंवा कंसाने वर ओढून सांगाड्याला अडकवायची. दांडे वाकतात आणि सरळ व्हायला धडपडतात. त्या धडपडीतून दोन गोष्टी एकदम होतात: ट्रेलरचा सांगाडा मागे खाली ओढला जातो, आणि पिकअपचं बूड वर, नाक खाली अशी पिळण बॉलच्या डोक्यातून पिकअपला मिळते. सांध्याला थोडा ताठपणा येतो, एवढंच. डावी-उजवीकडे तो मोकळाच फिरतो.

आता त्या ३०० किलोंचं काय होतं ते बघा. भाच्याच्या ट्रेलरच्या दोन ॲक्सलचा मध्य बॉलपासून ५ मीटरवर. दांडे इतके ताणले, की पुढच्या चाकांचे गेलेले १०० च्या १०० किलो परत आले, तर हिशोबाने ट्रेलरच्या चाकांवर जवळपास ५८ किलो जातात आणि पिकअपच्या मागच्या चाकांवर २४२ राहतात. ५८ आणि २४२, बेरीज ३००. दांडे त्याच्या अर्धेच ताणले तर पुढच्या चाकांचे ५० परत येतात, ट्रेलरकडे २९ जातात आणि मागच्या चाकांवर ३२१ राहतात. काहीही करा, तिन्ही ठिकाणची वजाबाकी-बेरीज ३०० च येणार.

लोकांचा एक समज इथे मोडावा लागतो. हा हिच भार तिन्ही ठिकाणी सारखा वाटून देतो, असं सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. ट्रेलरकडे परत जातो तो एक लहान वाटा. पुढच्या चाकांना मिळतं ते त्यांचं स्वतःचंच, उसनं गेलेलं वजन. मोठा वाटा शेवटी मागच्या ॲक्सलवरच राहतो. म्हणून पिकअपच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा जो स्टिकर असतो, त्यात ट्रेलरचं बॉलवरचं ओझं धरायलाच हवं. भाच्याने फक्त ओढायची क्षमता वाचली होती, हा स्टिकर वाचलाच नव्हता. ओढायच्या क्षमतेची जाहिरात मोठ्या अक्षरात असते आणि हा स्टिकर दार उघडल्याशिवाय दिसत नाही.

त्यापुढचं काम माझ्या आवडीचं. मी त्याला म्हटलं, अंदाज पुरे, आता काटा कर. तिकडे हायवेवर ट्रक थांबतात तिथे कॅट स्केल नावाचे काटे असतात. १९७७ पासून ते चालू आहेत. त्यांचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असतात. पुढचा ॲक्सल एका तुकड्यावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. एकाच पावतीत तीन आकडे मिळतात. माझ्या काट्याचा प्लॅटफॉर्म एकच. ॲक्सलवार वजन करायचं तर आधी पुढची चाकं चढवा, आकडा घ्या, मग घोडा पूर्ण चढवा, आकडा घ्या, मग सगळी गाडी, आणि वजाबाकी करत बसा. त्यातही आधीचा आणि नंतरचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या पातळीत हवा, ब्रेक सोडलेला हवा, गाडी न्यूट्रलमध्ये हवी. ब्रेक आवळून गाडी अर्धी काट्यावर उभी केली तर चाकं एकमेकांशी झगडतात आणि आकडा खोटा येतो. ड्रायव्हरला घाई असते, मागे रांग असते, त्यामुळे असं वजन करून घेणारा विरळाच. जो कुणी मागतो, त्याला मी जास्तीचे पैसे लावत नाही.

भाच्याला तीन वेळा काट्यावरून जायला सांगितलं. पहिल्यांदा ट्रेलर न लावता, घरची माणसं आणि सामान घेऊन. दुसऱ्यांदा ट्रेलर लावून, दांडे सैल ठेवून. तिसऱ्यांदा दांडे ताणून. पावत्या पौंडांत आल्या, मी किलोत मांडल्या. नुसती पिकअप: पुढे १,४८०, मागे १,२४०. ट्रेलर लावल्यावर: पुढे १,३८०, मागे १,६४०, ट्रेलरच्या चाकांवर २,२००. दांडे ताणल्यावर: पुढे १,४४०, मागे १,५४५, ट्रेलर २,२३५.

या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पावतीचं एकूण दोन्हीकडे ५,२२० किलो. माझ्या काट्यावर ही गाडी दोनदा आली असती, तर मी दोन्ही वेळा तीच पावती फाडली असती. आणि या दोन गाड्यांत घाटात किती फरक पडला असता! पहिल्या दोन पावत्यांतून बॉलवरचं ओझंही सापडतं: ट्रेलर लावल्यावर पिकअपचे दोन आकडे मिळून ३,०२०, आधी २,७२०, फरक ३००. त्यासाठी वेगळं यंत्र विकत घ्यायची गरज नाही.

पुढच्या चाकांचे १०० पैकी ६० परत आले होते. भाच्याला वाटलं, अजून एक कडी वर घेऊन पूर्ण १०० आणावेत. मी म्हटलं, आधी गाडीचं पुस्तक वाच. पूर्वी सगळीकडे सल्ला असाच असे, की पुढचा भाग ट्रेलरशिवाय जितक्या उंचीवर होता तिथे परत आणा. आता बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकांत निम्म्याच्या आसपास परत आणा असं लिहिलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. दांडे जितके ताणावे तितकं मागच्या चाकांवरचं वजन उतरतं. वळणावर ट्रेलर पिकअपच्या बुडाला आडवा ढकलत असतो आणि ते ढकलणं मागच्या टायरांनी सोसायचं असतं. त्यांना पुरतं दाबलेलं ठेवलं नाही तर बूड बाहेर सरकायला लागतं. पुढची पकड मिळवताना मागची घालवायची नाही. काटा नसला तरी हे मापता येतं: सपाट जागेवर जमिनीपासून पुढच्या मडगार्डच्या कडेची उंची ट्रेलरआधी घ्या, ट्रेलर लावून घ्या, दांडे ताणून घ्या. समजा ९५ सेंटिमीटर होती, ट्रेलरने ९७ झाली, तर पुस्तकात निम्मं सांगितलं असेल तेव्हा ९६ वर थांबायचं.

दांडेही बॉलवरच्या ओझ्याला साजेसे हवेत. वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात. फार कडक घेतले तर जास्त सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही. कडक दांड्यांनी प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट ट्रेलरच्या सांगाड्याला जातो. पेट्रोल पंपाच्या उतरत्या रॅम्पवर, खोल गटारपट्टीवर, जिथे दोन गाड्यांच्या मध्ये खोलगट कोन होतो तिथे ताण एकदम वाढतो आणि मागची चाकं हलकी होतात. ताणताना हाताने झगडू नये. ट्रेलरच्या पुढच्या जॅकने बॉल आणि पिकअपचं बूड दोन्ही वर उचलायचं, मग साखळी सहज चढते. सोडतानाही तेच. ताणलेल्या दांड्यात माणसाचा हात मोडायची ताकद असते. हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो कंटाळला तरी सांगितलं.

आणि ट्रेलर डोलणं. हायवेवर मोठा ट्रक बाजूने गेला की हवेचा झोत ट्रेलरला ढकलतो आणि मागचं घर डावी-उजवीकडे झुलू लागतं. एकदा ते वाढत गेलं की पिकअपलाही घेऊन जातं. दांड्यांनी हे थांबतं असं समजू नये. काही हिचमध्ये घर्षणाने डोलणं दाबायची वेगळी सोय असते, तिची मदत होते. मूळ इलाज भरणी आणि वेग. ट्रेलरचं वजन त्याच्या चाकांच्या मागे गेलं, म्हणजे मामांच्या भाषेत गाडी उलाळ भरली, तर कुठलाही हिच तिला शहाणं करू शकत नाही. युरोपात बॉलवर बहुधा १०० किलोंच्या आतच ओझं ठेवतात, म्हणून तिकडे हे दांडे क्वचित दिसतात. पण तिकडे वेगही कमी ठेवतात, जर्मनीत कारमागे कॅरॅव्हॅन असली की साधी मर्यादा ताशी ८० किलोमीटर. अमेरिकेतला १० ते १५ टक्क्यांचा ठोकताळा तिथल्या जड ट्रेलरचा आणि तिथल्या वेगाचा आहे. एकाचा आकडा उचलून दुसऱ्याच्या वेगाला लावायचा नसतो. डोलायला लागलंच तर पिकअपचा ब्रेक जोरात मारायचा नाही, स्टीअरिंगने पाठलाग करायचा नाही. पाय पेडलवरून काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचे स्वतंत्र ब्रेक असतात ते हाताने हळूच लावायचे.

भरणी म्हणजे नुसतं सामान नव्हे. भाच्याच्या ट्रेलरमध्ये १५० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी आहे आणि ती ॲक्सलच्या २ मीटर मागे आहे. ती भरली की १५० किलो मागे बसतात आणि बॉलवरचे ६० किलो उठतात. ३०० चे २४० होतात, ट्रेलर २,६५० चा होतो, आणि १२ टक्क्यांचे ९ टक्के राहतात. तीच गाडी, तोच हिच, तेवढेच ताणलेले दांडे. फक्त निघताना कुणी तरी नळ सोडून टाकी भरून घेतली, की ट्रेलर डोलायच्या टापूत गेला. हे कळल्यावर भाच्याने त्या टाकीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं: मुक्कामी भरा.

आता इकडचं. खारघर, घोडबंदर रोड, कुठेही गॅरेजमध्ये गेलात तर एसयूव्हीच्या मागे ओढायचा हुक वेल्डिंग करून देणारा भेटेल. छोटी, हलकी ट्रॉली ओढायची तर कदाचित चालेल, पण स्प्रिंगचे दांडे अशा हुकावर कधीही लावू नयेत. साधा हुक खाली दाबणारं ओझं झेलतो. हे दांडे त्याला पिळतात, आणि ती पिळण हुकातून गाडीच्या चासीत जाते. तिकडच्या हिच-रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीखालच्या पोलादी खोबणीवर, म्हणूनच दोन वेगळे आकडे छापलेले असतात, एक नुसतं ओझं झेलण्याचा आणि एक दांड्यांसकट. काही गाड्यांच्या पुस्तकात हे दांडे वापरूच नका असंही लिहिलेलं असतं. गाडी बनवणाऱ्याने ओढायची परवानगी आणि बॉलवरच्या ओझ्याची मर्यादा लिहून दिली नसेल, तर कुणाच्याही अनुभवावर विसंबून कॅरॅव्हॅन जोडू नका. ट्रेलरची नोंदणीही आपल्याकडे करावी लागते, तेवढ्यासाठी आरटीओत गेलात तर कागदांबरोबर वजनाचीही विचारपूस होईल, ते बरंच आहे.

गेल्या रविवारी भाच्याचा नवा बेत ऐकला. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर दोन सायकलींचा स्टँड लावायचाय. स्टँडसकट ४० किलो, ॲक्सलच्या साडेतीन मीटर मागे.

"४० किलोने काय होतंय, मावशी?"

मी त्यालाच मांडायला लावलं. ४० गुणिले साडेतीन भागिले ५, बॉलवरचे २८ किलो गेले. टाकी रिकामी असेल तर २,५४० च्या ट्रेलरला २७२, पावणेअकरा टक्के, चालेल. टाकीही भरलेली असेल तर २,६९० ला २१२. आठ टक्केसुद्धा नाहीत.

"मग हौद्यात ठेवू का?"

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर १,५४५ होते आणि त्याच्या गाडीची मर्यादा १,७२० आहे. ठेव म्हटलं, पण केबिनला टेकवून, पुढे. आणि ठेवल्यावर परत काटा कर, तीन आकड्यांची पावती मला पाठव.